आवारीमामांचा पहिला खिळा

गेल्या महिन्यात नाशिकच्या नव्या घरात सामान लागलं, तेव्हा टेम्पोबरोबर आलेल्या माणसाने ड्रिल मशीन उचललं आणि विचारलं, "बोला ताई, कुठं कुठं मारायचे?" त्याच्या अंदाजाने अर्ध्या तासाचं काम होतं. मी म्हटलं, "कुठेच नाही. सगळी चित्रं खाली भिंतीला टेकवून ठेवा." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. सुधीर हसला आणि म्हणाला, "ठेवा हो. आमच्याकडे तशीच पद्धत आहे."

पद्धत आमची नव्हे, आवारीमामांची. मामा आता नाहीत. पण आमच्या घरातली एकही चौकट अजून त्यांना विचारल्याशिवाय वर चढत नाही.

आवारीमामा नगरला आमच्या खालच्या घरात राहायचे. सावेडीकडच्या एका साध्या तीन मजली इमारतीत तळमजल्यावर ते आणि मामी, त्यांच्या डोक्यावर आम्ही. मामा मूळचे अकोले तालुक्यातले. आयटीआय करून तरुणपणीच नागापूरच्या एमआयडीसीत आले आणि एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून जे चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. किडकिडीत अंग, पांढरा हाफशर्ट, उजव्या कानावर पेन्सिलीचा बोटभर तुकडा. ती पेन्सिल ते आंघोळीलासुद्धा काढत नसावेत अशी मला शंका होती. मामींना विचारलं तर म्हणाल्या, "काढत्यात. साबन लावताना."

त्यांची आमची ओळख भांडणातून झाली. वास्तुशांतीनंतरच्या रविवारी सुधीरने नवंकोरं ड्रिल मशीन आणलं होतं. मी एका प्रदर्शनातून एक जलरंगातलं चित्र हौसेने घेतलं होतं: एसटी स्टँडच्या बाकावर बसून एकटीच डबा खाणारी एक बाई. सुधीरला ते टीव्हीच्या वर लावायचं होतं. त्याने पहिलं भोक पाडलं, गिलाव्याचा पोपडा पडला. दुसरं पाडलं, वीट लागली नाही. तिसऱ्याला दारावर थाप पडली.

"कोन भिंतीला मारतंय?"

दारात मामा. मी आधीच वैतागलेली होते, त्यात रविवारचा शेजारी तक्रार घेऊन आला म्हटल्यावर माझा आवाज चढला. आमचं घर, आमची भिंत, असं बरंच काही बोलले. मामांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावरून आत चित्राकडे बघत विचारलं, "कोन बघनार?"

"म्हणजे?"

"हे चित्र. कोन बघनार? कुठून बघनार?"

टीव्हीच्या वर लावायचं, कारण तिथे जागा होती. यापलीकडे आम्ही काही विचारच केला नव्हता. मामा चपला काढून आत आले, सुधीरच्या हातातलं मशीन काढून घेतलं, चित्र उचलून जमिनीवर भिंतीला टेकवलं आणि म्हणाले, "आठ दिस असंच ऱ्हाऊ द्या. भिंतीला सवय हुऊ द्या, तुमालाबी. मग मी येतो." आणि मशीन घेऊन खाली गेले. आठ दिवस आमचं मशीन त्यांच्याकडे ओलीस होतं.

त्या आठ दिवसांत मामा दोन-चार वेळा सहज म्हणून आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले. ते आमच्यावर नजर ठेवून होते हे मला नंतर कळलं. आठव्या दिवशी त्यांनी चित्र उचललं आणि टीव्ही, हॉल, सोफा सगळं ओलांडून थेट स्वयंपाकघरात नेलं. फ्रीजशेजारच्या अरुंद भिंतीवर पेन्सिलीने खूण केली.

"इथं? इथे कोण बघणार, मामा?"

"तुमी. सगळी जेवून उठली का तुमी हितं स्टुलावर बसून एकट्याच जेवताय. तवा समोर काय असतंय? फ्रीज. आता हीबी जेवंल तुमच्यासंगं."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सासरी येऊन इतकी वर्षं झाली होती, मी शेवटी एकटी जेवते हे घरातल्या कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं, आणि हा आठ दिवसांच्या ओळखीचा म्हातारा ते भिंतीवर लिहून मोकळा झाला. सुधीर ओशाळला. तेव्हापासून तो माझ्यासाठी थांबायला लागला. त्यामुळे ती बाकावरची बाई बिचारी पुन्हा एकटी पडली, पण तिची माझी मैत्री आजही आहे.

मामांची ही ख्याती सगळ्या वस्तीत होती. कुणाकडे नवं घर झालं, लग्न झालं, मुलीने परीक्षेनंतर काही रंगवलं, की मामांना निरोप जायचा. ते कापडी पिशवीतून हातोडी, चार जातींचे खिळे, ओळंबा आणि टूलरूममधली जुनी पितळी लेव्हल घेऊन निघायचे. त्याबद्दल कुणाकडून काही घ्यायचे नाहीत, फक्त चहा. आणि चहा घेताना त्यांचे प्रश्न सुरू व्हायचे. या घरात जास्त वेळ कोण असतं? आजोबा कुठल्या कुशीवर झोपतात? पोरगी अभ्यासाला कुठे तोंड करून बसते? लोक म्हणायचे, "मामा, एक खिळा ठोकायला आलात का जनगणनेला?"

लेव्हलची गंमत वेगळीच होती. आयुष्यभर ज्या माणसाने केसाएवढा फरक चालवून घेतला नाही, तो घरात आल्यावर लेव्हल लावायचा, बुडबुडा बरोबर मध्ये आणायचा, समाधानाने मान हलवायचा आणि मग चित्र सूतभर वाकडं करायचा. आमच्या हॉलचं छत एका बाजूला उतरतं होतं, बिल्डरची कृपा. सुधीर इंजिनिअर. त्याला ते पाहवेना. "मामा, आत्ता बरोबर होतं की!"

"लेव्हल खरंच बोलती, सुधीरराव. पर लेव्हलला ह्या घरात ऱ्हायचं न्हाई. तुमाला ऱ्हायचंय."

पुढे दोन दिवस सुधीर येता-जाता त्या चित्राकडे संशयाने बघत होता. तिसऱ्या दिवशी कबूल झाला, की सरळ दिसतंय.

मामांना न आवडणारं चित्र असं काही नव्हतं. वास्तुवाल्यांच्या सांगण्यावरून लोक ते सात पळते घोडे आणतात ना, तेही ते तितक्याच मायेने लावायचे. फक्त विचारायचे, "घोडे आत पळतेत का भाईर?" एकदा मी चिडवलं, "मामा, तुम्हाला स्वतःची काही आवड आहे की नाही?" तर म्हणाले, "आवड त्येंची, भिंत त्येंची. माझा निस्ता खिळा."

पण एका बाबतीत ते अडून बसायचे, आणि तिथे न ऐकणाऱ्याची कशी फजिती होते ते आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर भापकर म्हणून होते, खताच्या दुकानाचे मालक. त्यांच्या एकसष्ठीला मुलांनी त्यांचा भला मोठा फोटो करून आणला. फेटा, करडा कोट, मागे निळा पडदा. तो हॉलच्या दाराच्या वर, मधोमध लावायचा होता. मामांना बोलावलं. मामा फोटो बघून खूश झाले, जागा ऐकली आणि हातोडी परत पिशवीत घातली.

"भापकरशेठ, एकट्या मानसाचा फोटो, त्योबी इतका वर, न्हाई लावायचा. लोक हात जोडत्यात."

"जोडू द्या की!" भापकर म्हणाले. त्यांना तो मान वाटला. मुलांनी दुसऱ्या कुणाकडून तरी खिळा ठोकून घेतला. वर लाइटची माळही सोडली.

पंधरा दिवसांनी त्यांच्या मुलीला बघायला शेवगावकडचे पाहुणे आले. भापकर आंघोळीला गेलेले, बायका आत चहापाण्याच्या गडबडीत. मुलाच्या वडिलांनी दारात पाऊल टाकलं, वर पाहिलं, टोपी काढली. डोळे मिटून हात जोडले. आणि आतून बाहेर आलेल्या भापकरवहिनींना दबक्या आवाजात विचारलं, "कधी झालं हो? आमाला काहीच कळलं न्हाई." वहिनींच्या कपाळावरचं कुंकू बघून ते आणखीच गोंधळले. तेवढ्यात बंडी आणि टॉवेलवर भापकर स्वतः बाहेर आले.

लग्न जमलं, ते सोडा. पण त्याच संध्याकाळी मामांना बोलावणं गेलं. मामांनी "म्हनलं हुतं ना" असा चकार शब्द काढला नाही. फोटो उतरवला, डोळ्यांच्या पातळीवर आणला, शेजारी वहिनींचा एक आणि नातवाचा एक लावला. तिघांमध्ये भापकर पुन्हा जिवंत दिसायला लागले.

हे सगळं सांगितलं, पण मामांच्या घराबद्दल अजून बोललेच नाही. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा मी चकित झाले होते. सगळ्या वस्तीच्या भिंती सजवणाऱ्या माणसाच्या घरात एकही चित्र नव्हतं. कॅलेंडरसुद्धा शोकेसवर उभं करून ठेवलेलं. चारी भिंती स्वच्छ, पांढऱ्या, उघड्या.

"हे कसं काय, मामा?"

मामा पेन्सिल कानावर सारखी करत राहिले. उत्तर दिलं मामींनी. गोल चेहऱ्याच्या, नाकात मोरणी, बोलायला मोठ्या फटकळ. "त्येंना इचार ना! लगीन करून एमआयडीसीच्या खोलीत आनली तवा म्हनले, तुला भिताडावर काय पाह्यजे ते सांग, पहिला खिळा तुझा. मी म्हनलं, आमच्या घरून दिसतो त्यो डोंगर पाह्यजे. आनतो म्हनले. आनत्यातच."

मामींचं माहेर राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातलं लहान गाव. राजूरचा बाजार हे त्यांचं लहानपणीचं मोठं शहर. मामांनी त्या काळी दुकानं धुंडाळली होती. पण दुकानात मिळायचे ते बर्फाचे डोंगर, नाहीतर नारळाची झाडं आणि समुद्र. मग पाळ्या, ओव्हरटाइम, दोन मुलांची शिक्षणं. डोंगर राहून गेला. पण पहिला खिळा मामींचा हा शब्द गेलेला होता, म्हणून दुसराही कुठला खिळा त्या घरात ठोकला गेला नाही. मुलांच्या लग्नाचे फोटो आले, ते ट्रंकेत गेले. मामी येता-जाता टोमणा मारायच्या, मामा हसायचे, आणि आम्हाला वाटायचं, या दोघांचा हा जन्मभराचा खेळच आहे.

मग एका सकाळी मामी ओट्यापाशी पडल्या. डावी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणल्या तेव्हा डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं, की यातून त्या उठून बसतील असं नाही, आणि दुसरा झटका आला तर सांगता येत नाही. हॉलमध्ये लोखंडी कॉट टाकली. मामी उजव्या कुशीवर निजून असायच्या आणि त्यांच्या समोर ती मोठी पांढरी भिंत.

मी रोज कचेरीतून येताना डोकावायचे. एक दिवस मामा मला दारातच थांबवून म्हणाले, "ताई, ती दिसभर त्या कोऱ्या भिंतीकडं बघती. मला त्या खोलीत बसवत न्हाई." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. गंमतीतला डोंगर आता गंमतीचा राहिला नव्हता. तो आणायचा होता, आणि त्याला किती दिवस हाताशी आहेत ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मामा दुसऱ्याच दिवशी एसटीने राजूरला गेले. तिथल्या शाळेतले चित्रकलेचे एक सर त्यांना कुणीतरी सुचवले होते. त्या सरांना घेऊन सासरवाडी गाठली. ओसरीवर बसून सरांनी समोरचा डोंगर काढला. मोठा कागद, सरांनी आपल्या मनाने दिलेला हिरवागार पावसाळी रंग, शेंड्यावर ढग, मध्ये एक पांढरा धबधबा. मामांनी सोनेरी चौकट करून घेतली. तो डोंगर कॉटपुढे धरला तेव्हा मीही तिथे होते. मामांच्या चेहऱ्यावर नव्या नवऱ्याचं हसू होतं.

मामींनी बराच वेळ बघितलं. बोलणं जड झालं होतं, पण शब्द कळायचे.

"चांगलाय," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पर ह्यो आपला न्हाई."

"अगं, तुमच्याच घरम्होरचा! ओसरीवर बसून काढून घेतलाय."

"ओसरीवर... मी कवा बसले?"

मामा चित्र धरून तसेच उभे राहिले. मग हळूच ते खाली टेकवलं आणि कॉटच्या कडेवर बसले. जगाला विचारत फिरलेला प्रश्न त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या बायकोला विचारला. "मग तू कुठून बघायचीस?"

"गोठ्याच्या दारातून. मागल्या. धार काढताना."

मामा मला सोडायला बाहेर आले, तेव्हा स्वतःवरच चिडले होते. "जावई म्हनून गेलो का ओसरीवर घोंगडी टाकत्यात, तांब्या देत्यात. इतकी वर्सं तिथंच बसलो. समोर डोंगर दिसतोय, म्हनलं ह्योच. मागं गोठ्यात जावयाला कोन नेतं? आन मीबी कवा गेलो न्हाई. आख्ख्या नगरला इचारत हिंडलो, ताई. हिला इचारायचं ऱ्हायलं."

त्या रविवारी सुधीरने गाडी काढली. मामांची मुलं मामींपाशी येऊन राहिली आणि आम्ही मामांना घेऊन निघालो. संगमनेर, अकोले, राजूर. राजूरला सरांना गाडीत घेतलं. थंडीचे दिवस होते, डोंगरावरचं गवत वाळून पिवळं पडलं होतं.

सासरवाडीत मामींचे धाकटे भाऊ आणि भावजय दारात आले, ओसरीवर घोंगडी अंथरली गेली. मामा घोंगडी ओलांडून सरळ घरात शिरले, स्वयंपाकघरातून मागच्या दाराने बाहेर, आणि गोठ्यात. भावजय पदर सावरत मागे धावली. "अवो दाजी, तिकडं कुठं! शेन हाय तिकडं!" भाऊ म्हणाले, "दाजी, काही चुकलं का आमचं?" त्यांना वाटलं, जावई रुसले. मामांनी पायजमा वर ओढला आणि गोठ्यात, गाईच्या कासेपाशी, धार काढायला बसतात तसे उकिडवे बसले.

"हितंच बसायची का ती?"

"आणखी आत," भाऊ म्हणाले. "आक्काची जागा दावनीपाशी हुती."

मामा उकिडवेच सरकत सरकत आत गेले. सत्तरी ओलांडलेला माणूस शेणात सरकतोय आणि भावजय तोंडावर पदर घेऊन 'अगं बाई, अगं बाई' करते आहे. मला हसू येत होतं. मामा थांबले. समोर बघितलं.

मी त्यांच्या मागे वाकून पाहिलं. गोठ्याचं दार लहान, धुराने काळपटलेली लाकडी चौकट. त्या चौकटीत एका डोंगराचा अर्धा भाग मावला होता. शेंडा दिसत नव्हता. एका बाजूने उतरत आलेली सोंड, त्यावर दोन-तीन झाडं, आणि पायथ्याला एक पाऊलवाट.

सर वही घेऊन बाहेर निघाले. "मामा, जरा पुढे अंगणात आलं तर पूर्ण डोंगर येईल. शेंडासुद्धा छान आहे."

"न्हाई सर. पुरा डोंगर तिनं बघितलाच न्हाई. धार काढता काढता येवढाच दिसायचा. हितं बसा, आन येवढाच काढा."

सर भले माणूस. रुमाल अंथरून शेणात बसले. मामांनी त्यांना एकच ताकीद दिली. "चौकट पन काढा. आन हिरवं करू नका. हाय तसं."

पुढच्या आठवड्यात चित्र आलं. या वेळी सोनेरी चौकट नव्हती, चित्रातलीच काळी चौकट पुरे होती. मामांनी ते कॉटसमोर जमिनीवर ठेवलं. मी म्हटलं, आता आठ दिवस. मामींनी नुसतं पाहिलं आणि त्यांचा उजवा हात पांघरुणातून बाहेर आला, बोट चित्राकडे.

"खिळा... कुठाय?"

"ठोकतो की आता."

"न्हाई. चौकटीला. खिळा हुता. कासरा अडकवायला."

एवढं बोलून मामी रडायला लागल्या. चांगलं, मोकळं रडणं. मामाही रडले, आणि मी तर आधीच सुरुवात केली होती. मग मामांनी कानावरची पेन्सिल काढली, मामी दाखवतील तिथे, चित्रातल्या चौकटीच्या उजव्या बाजूला, एवढासा खिळा काढला. दोनदा खोडला, कारण मामींना तो वर वाटला. आयुष्यात इतक्या जपून त्यांनी कुठला खिळा ठोकला नसेल.

त्या दिवशी आठ दिवसांचा नियम मोडला. मामा कॉटजवळ गुडघे टेकून बसले, डोकं मामींच्या उशीला लावलं, तिथून डोळा धरला आणि मला भिंतीवर खूण करायला सांगितली. जमिनीपासून जेमतेम दोन फूट. त्या घरातला पहिला खिळा.

भेटायला येणारे लोक बघायचे आणि म्हणायचे, मामा, तुमच्या घरचंच चित्र असं कसं? इतकं खाली? आणि डोंगर अर्धाच? मामा म्हणायचे, "चुकलंय खरं," आणि चहा द्यायचे. मामी तेवढ्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून हसायच्या. उन्हं कलली की कधी कधी त्या गाईला हाक मारल्यासारखं काहीतरी पुटपुटत. मामा बाजूला बसून तांदूळ निवडत असायचे.

पुढचा उन्हाळा मामींनी पाहिला नाही. होळीच्या आधी, सकाळी, चित्राकडे तोंड करूनच गेल्या.

दिवस झाल्यावर पुण्याहून मुलं त्यांचा मोठा केलेला फोटो घेऊन आली. काळी चौकट, चंदनाचा हार. थोरल्याने रीतीप्रमाणे दक्षिणेकडची भिंत ठरवली होती, टीव्हीच्या वर. मामा म्हणाले, "खाली ठेव. आठ दिस ऱ्हाऊ दे." मुलांनी आग्रह केला नाही. माझी बदली नाशिकला झाल्याचं पत्र त्याच आठवड्यात आलं, आणि निघायच्या गडबडीत मला खाली जायला जमलं नाही ते शेवटच्या दिवसापर्यंत.

ती माझी मामांची शेवटची भेट. पुढे वर्षभराने ते गेल्याचा फोन आला तेव्हा मी दौऱ्यावर होते, पोहोचू शकले नाही. त्याची बोच आहे. पण त्या दुपारचे मामा माझ्याकडे आहेत.

दार उघडंच होतं. मामा स्वयंपाकघरात चहा टाकत होते. कॉट काढून टाकली होती आणि हॉल एकदम मोठा दिसत होता. मी सवयीने वर पाहिलं, टीव्हीच्या वर, दारावर. कुठेच फोटो नव्हता. मग खाली लक्ष गेलं. जिथे मामींची उशी असायची, त्या भिंतीवर, जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर मामींचा फोटो होता. फुलं वाहायला मला गुडघे टेकून बसावं लागलं. फोटोला हार घातलेला नव्हता, मोरणी स्वच्छ दिसत होती. शेजारी पेन्सिलीची पुसट खूण अजून राहिली होती.

मामा कपबशा घेऊन बाहेर आले. मी उठून उभी राहिले आणि न राहवून म्हटलं, "मामा, इतका खाली? बघणाऱ्याला किती वाकावं लागतं."

"बघनाऱ्यासाठी न्हाई ठोकला, ताई."

मला कळलं नाही. मी तशीच उभी होते, हॉलच्या मधोमध, फोटोकडे तोंड करून. मामांनी कपबशा शोकेसवर ठेवल्या. मग अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाले,

"जरा बाजूला सरता का? तिच्या मधी उभ्या ऱ्हायलाय."

मी मागे वळून पाहिलं. समोरच्या भिंतीवर, त्याच उंचीवर, गोठ्याचं दार होतं, खिळा होता आणि अर्धा डोंगर होता.

मी बाजूला सरले.